खारघर: हायड्रोलिक बेडसाठी फोमची गादी कोणती? एचआर, मेमरी, रिबॉन्डेड की लॅटेक्स

खारघरकर_78x72

नमस्कार मंडळी, दोन खोल्यांसाठी गाद्या घ्यायच्या आहेत आणि प्रत्येक दुकानात वेगळंच ऐकायला मिळतंय.

मोठी खोली: सुताराने बनवलेला हायड्रोलिक बेड (फळी पंपांवर उचलली जाते, खाली सामानाची पेटी), आतलं माप 78 × 72 इंच. वरची फळी 12 मिमी प्लाय, त्यावर सनमायका. झोपणारे दोघं. एक 88 किलो, पाठीवर झोपणारा. दुसरी 56 किलो, कुशीवर झोपणारी. एसी रात्रभर 24 वर.

आईबाबांची खोली: 72 × 36 चे दोन दिवाण, फक्त पंखा. बाबांना कंबरदुखी, आईला गुडघ्यांमुळे उठायला त्रास. बाबांना 'एकदम कडक गादी घ्या' असं सगळे सांगतात.

मोठ्या गादीसाठी तीन पर्याय समोर आहेत. वाशीत 8 इंची 'ऑर्थो मेमरी', पाच थरांची. ठाण्यात 6 इंची 'एचआर 40 डेन्सिटी'. ऑनलाइन 7 इंची 'लॅटेक्स', पण बारीक अक्षरात लॅटेक्स फक्त वरचा 1 इंच. बजेट 30 हजारांपर्यंत. नक्की काय बघून ठरवायचं?

---

पॉलिमर_रबाळे

गादीचं नाव बाजूला ठेवा आणि दुकानदाराला एवढंच विचारा: कुठला थर, किती इंच, किती डेन्सिटी. तिन्ही आकडे बिलावर लिहून देत असेल तर पुढे बोला. 'ऑर्थो' हा फोमचा प्रकार नाही. कव्हरवर कोणीही छापू शकतं.

डेन्सिटी म्हणजे एक घनमीटर फोमचं किलोमध्ये वजन. तिचा संबंध टिकाऊपणाशी, कडकपणाशी नाही. 40 डेन्सिटीचा फोम मऊही बनवता येतो आणि 28 चा कडकही. दुकानात हाताला कडक लागलेली गादी दोन वर्षांत मधे बसते, ती याच घोळामुळे. कडकपणा दिला, माल दिला नाही.

आता प्रकार.

साधा पीयू (पॉलियुरेथेन) फोम: 28 ते 32 डेन्सिटी सर्वात जास्त खपते. पाहुण्यांच्या गादीला किंवा लहान मुलांना ठीक. 88 किलोच्या माणसाखाली रोज वापरायला नको.

एचआर (हाय रेझिलियन्स, म्हणजे जास्त उसळी देणारा): हाही पीयूच, पण पॉलिऑल (फोमचा कच्चा माल) वेगळं असतं आणि आतली छिद्रं मुद्दाम लहानमोठी ठेवलेली असतात. त्यामुळे दाबायला लागलं की सुरुवातीला मऊ लागतो आणि जसजसं खाली जाल तसतसा जोर परत देतो. साध्या फोमचं उलट: आधी अडतो, मग एकदम खाली बसतो. तळहाताने हळूहळू दाबून बघा, फरक कळतो. आपल्याकडे 32 च्या वरच्या कुठल्याही पांढऱ्या फोमला सर्रास 'एचआर' म्हणतात, म्हणून नुसत्या शब्दावर जाऊ नका. उघड्या फोमवर 16 मिमीची स्टीलची गोळी 50 सेंमीवरून सोडली तर खरा एचआर तिला साधारण 30 सेंमी उसळवतो. साधा 20 च्या आसपास. मेमरीत ती जवळपास रुतूनच बसते.

मेमरी फोम: हा उष्णतेवर चालतो. गार हवेत घट्ट, गरम हवेत ढिला. मे महिन्यात नुसत्या पंख्याखाली आणि 24 च्या एसीत एकच गादी वेगळी लागते. वरचा थर म्हणून 1.5 ते 2 इंच, 50 डेन्सिटीच्या आसपास असेल तर खांद्याला आणि कमरेच्या हाडाला आराम मिळतो. अर्धा इंच मेमरी म्हणजे जाहिरातीचा खर्च. 'जेल' मिसळलेला असेल तर पहिली काही मिनिटं गार वाटतो, मग अंगाच्या तापमानाला येतो.

रिबॉन्डेड: फोमचे तुकडे चिकटवून दाबलेला, रंगीबेरंगी ठिपक्यांचा. 80 ते 100 डेन्सिटी, जड आणि कडक. तळाला उत्तम. याचं 80 आणि एचआरचं 40 यांची तुलना करू नका, मोजपट्टीच वेगळी आहे. दुकानदार मात्र हटकून करतात: 'साहेब, ह्यात डबल डेन्सिटी'.

आणि ईपीई. पॅकिंगच्या खोक्यात येतो तो पांढरा, हलका, थर्मोकोलसारखा. पाच-सहा थरांच्या स्वस्त गाद्यांत हा मधे दडवलेला असतो. दुकानात छान कडक लागतो. एकदा चेपला की परत येत नाही आणि हवाही जाऊ देत नाही. वाशीच्या पाच थरांत हा आहे का, ते आधी विचारा.

आता तपासणी. दुकानदाराकडून त्याच फोमचा 10 × 10 × 10 सेंमीचा तुकडा कापून मागा आणि स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवा. जितके ग्रॅम, तितकी डेन्सिटी. 40 सांगून 31 ग्रॅम भरला तर विषय संपला. वजन बरोबर आहे पण बोटांनी चोळल्यावर पांढरी पूड झडते, तर खडूसारखी भर घालून वजन वाढवलंय. असा फोम लवकर तडकतो.

तुकडा मिळाला नाही तर अख्ख्या गादीचं वजन विचारा. 78 × 72 मापाला प्रत्येक इंचाचा हिशेब साधारण असा पडतो: 32 चा फोम 3 किलोला थोडा कमी, 40 चा 3.7, मेमरी 50 चा 4.6, लॅटेक्स 75 चं 7, रिबॉन्डेड 90 चा 8.3. म्हणजे ठाण्याची 6 इंची गादी खरंच 40 ची असेल तर नुसता फोम 22 किलो हवा. वर खोळीचे दोन-तीन किलो.

---

पूर्वा_ऐरोली

वरचं सगळं बरोबर, पण तुमची खरी अडचण वजनांतल्या फरकाची आहे. 88 आणि 56. एकच गादी दोघांना एकाच वेळी जमणं कठीण. 88 किलोला जी मध्यम वाटते ती 56 किलोच्या कुशीवर झोपणाऱ्या बाईला दगड वाटते, कारण तिच्या वजनाने वरचा थर दबतच नाही. सकाळी खांद्याला मुंग्या येतात.

दोन वाटा आहेत. एक: खाली 4 ते 5 इंच 40 चा एचआर आणि वर 2 इंच मऊ थर (मेमरी किंवा मऊ लॅटेक्स). 88 किलोचा माणूस मऊ थर पार करून एचआरवर टेकतो, 56 किलोची व्यक्ती वरच्या दोन इंचातच राहते. दोन: 78 × 36 च्या दोन वेगळ्या गाद्या, वेगळ्या घट्टपणाच्या, एकाच खोळीत. मधली फट जाणवू नये म्हणून वर एक सलग 1 इंचाचा टॉपर. दुसरी वाट खर्चिक आहे, पण जुन्या सिडको इमारतींच्या अरुंद जिन्यातून 72 रुंदीची सलग गादी वर नेण्यापेक्षा सोपी. रिबॉन्डेड असलेली गादी गुंडाळता येत नाही हे लक्षात ठेवा. लिफ्टचं दार आणि जिन्याचं वळण आधी मोजा.

बाबांच्या कमरेबद्दल. 'एकदम कडक' हा सल्ला जुना झाला. 2003 मध्ये 'लॅन्सेट'मध्ये स्पेनमधली एक चाचणी आली होती, जुनाट कंबरदुखीचे 313 रुग्ण. कडक गादीपेक्षा मध्यम-घट्ट गादीवर झोपणाऱ्यांना जास्त आराम पडला. कडक फळीवर पाठीच्या खालच्या बाकाखाली पोकळी राहते आणि स्नायू रात्रभर ताणलेले राहतात. बाबांना गादीवर पाठीवर झोपवा आणि कमरेखाली हात घालून बघा. हात सहज आरपार गेला तर जास्त कडक. हात घालताच आला नाही आणि बूड खाली गेलं असेल तर जास्त मऊ. थोडा अडत गेला तर बरोबर. दुकानात निदान 15 मिनिटं, रोज झोपतात त्याच कुशीवर. तुर्भ्याच्या आयकियात किंवा मॉलमध्ये नुसतं अंदाज घ्यायला गेलात तरी चालेल, तिथे लोळलं तर कोणी हटकत नाही.

दिवाणांसाठी माझं मत: खाली 3 इंच रिबॉन्डेड, वर 2 इंच एचआर, मेमरी अजिबात नको. पंख्याच्या खोलीत मेमरी उन्हाळ्यात ढिली पडते, माणूस खाली रुततो आणि कूस बदलायला जोर लागतो. गुडघे दुखणाऱ्या बाईसाठी हीच सर्वात त्रासाची गोष्ट. शिवाय तिथे काठ घट्ट हवा, कारण उठताना आधी काठावरच बसायचं असतं.

---

नौपाडा_फर्निचर

गादीवर इतकं बोलणं झालं, पण दादा, तुमचा बेडच गादी खराब करेल.

1. सनमायका. रात्रभरच्या घामाची वाफ फोममधून खाली उतरते आणि त्या गुळगुळीत थरावर अडते. खाली बंद पेटी, त्यात कपडे नाहीतर गोधड्या. जुलै-ऑगस्टमध्ये आपल्याकडे हवेतच इतकं पाणी असतं की गादीच्या तळाला काळे ठिपके धरतात आणि कुबट वास सुटतो. फळीला 1 इंच व्यासाची भोकं पाडून घ्या, 6 ते 8 इंचांच्या अंतराने, कडेपासून 6 इंच सोडून. खालच्या आडव्या पट्ट्या चुकवा, नाहीतर फळी कमजोर होते. भोकांच्या कडा पॉलिश पेपरने घासून घ्या, गादीचं कापड अडकतं. पावसाळ्यात पंधरा दिवसांतून एकदा फळी उघडून तासभर पंखा चालू ठेवा.

2. हायड्रोलिकचे पंप. सुतार पंप बसवताना फळी अधिक गादीच्या वजनाचा अंदाज धरतो. पंपावर त्याच्या जोराचा आकडा न्यूटनमध्ये छापलेला असतो, 800 एन, 1000 एन असा काहीतरी. 22 किलोच्या जागी 41 किलोची गादी टाकली (6 इंच सलग लॅटेक्स, किंवा 4 इंच रिबॉन्डेडवर एचआर आणि मेमरी) तर फळी वर टिकत नाही. डोक्यावर आपटते, हे गमतीत घेऊ नका. उलट गादी फार हलकी झाली तर फळी बंद करायला दोन माणसं लागतात आणि पायाकडून उचलून येते. म्हणून गादीचं वजन ठरल्यावर सुताराला फोन करा. पंप बदलायचे झाले तर जोडीनेच. एक नवा एक जुना ठेवला तर फळी पिळते.

3. माप. सुताराचा बेड कधीच काटकोनात नसतो. आतून लांबी-रुंदी प्रत्येकी तीन ठिकाणी मोजा आणि दोन्ही कर्णही. कर्णांत अर्ध्या इंचापेक्षा जास्त फरक असेल तर सर्वात लहान माप धरून गादी सांगा. मापात अर्धा इंच सैल ठेवा, म्हणजे चादर खोचायला बोटं जातील. ठोकून बसवलेली गादी मधे फुगते आणि ग्राहक म्हणतो फोम खराब.

4. उंची. आईंसाठी: जमिनीपासून दबलेल्या गादीपर्यंत त्यांच्या गुडघ्यामागच्या वळणाइतकी, बहुतेकांना 18 इंचांच्या आसपास. दिवाण 14 चा असेल तर 5 इंची गादी बसल्यावर बरोबर होते. तिथे 8 इंची टाकली तर पाय लोंबतात.

---

लॅटेक्सप्रेमी_डोंबिवली

सगळे एचआरच्या मागे लागलेत म्हणून दुसरी बाजू. आपल्या दमट हवेत डनलप पद्धतीचं (लॅटेक्स बनवायची एक पद्धत) खरं नैसर्गिक लॅटेक्स, म्हणजे रबराच्या चिकापासूनचा फोम, हाच सर्वात समजूतदार पर्याय. आरपार बारीक छिद्रं असतात, हवा खेळते, मेमरीसारखं तापमानावर बदलत नाही, दाबून सोडलं की लगेच वर येतं. चांगलं लॅटेक्स एचआरपेक्षा जास्त वर्षं आकार धरून राहतं. 65 ते 85 डेन्सिटी घ्या.

फसवणूक मात्र इथेच जास्त. चेन असलेली खोळच घ्या, उघडून छिद्रं बघा आणि कडेवरून थर मोजा. नखाने कोपरा ताणा: लॅटेक्स रबरासारखं ताणून परत येतं. सिंथेटिक मिसळलेलं किती हे लेखी मागा.

एक इशारा: लॅटेक्स उन्हात टाकू नका. आपल्याकडची गच्चीवर गादी वाळवायची सवय कापसाच्या गादीपुरती. अतिनील किरणांनी लॅटेक्सचा वरचा थर पिवळा पडून भुगा होतो. पीयूसुद्धा पिवळा पडतो. सावलीत, उभी करून, पंखा. बस. घरात कोणाला रबराच्या हातमोज्यांनी पुरळ येत असेल तर लॅटेक्स टाळा.

---

पॉलिमर_रबाळे

लॅटेक्सबद्दल भांडण नाही. पण 30 हजारांत 78 × 72 मध्ये 6 इंच सलग नैसर्गिक लॅटेक्स कोणी देत असेल तर संशयच घ्यावा. 4 इंच एचआर 40 वर 2 इंच लॅटेक्स हा मधला मार्ग. नुसता फोम 28-29 किलो, पंपांनाही फारसा त्रास नाही. कुशीवर झोपणारीला मऊ प्रतीचं लॅटेक्स सांगा. 1 इंच लॅटेक्सची ऑनलाइन गादी म्हणजे खालच्या 6 इंचांचा प्रश्न, आणि त्याबद्दल जाहिरातीत एक शब्द नसतो.

---

खारघरकर_78x72

खूप खूप आभार. वाशीवाल्याने फोनवर थर सांगितले: 3 इंच रिबॉन्डेड 80, 2 इंच ईपीई, 1 इंच 'सॉफ्ट फोम', 1 इंच मेमरी, 1 इंच क्विल्टिंग. ठाण्याचा म्हणतो तुकडा देतो आणि 4 इंच एचआर 40 + 2 इंच मऊ लॅटेक्स बनवूनही देईल. वॉरंटी एकाची 10 वर्षं, दुसऱ्याची 5. त्याने काय फरक पडतो? आणि गादी घरी आल्यावर काय बघायचं?

---

पूर्वा_ऐरोली

वाशीचं सोडाच. 8 इंचांतला एक इंच तर क्विल्टिंगचा कापूस-फोम, तो पहिल्या काही महिन्यांतच चपटा होतो. दोन इंच ईपीई. राहिले पाच. त्यातही 'सॉफ्ट फोम'ला आकडा नाही. ठाण्याचं बनवून घ्या.

वॉरंटीच्या वर्षांपेक्षा अट वाचा. खड्डा किती खोल झाला तर धरतात (बरेच जण 1 इंच म्हणतात, आणि तोही गादीवर कोणी नसताना मोजलेला), जितकी वर्षं वापरली तितकी रक्कम कापतात का, आणि गादीवर डाग दिसला तर वॉरंटी रद्द होते का. शेवटची अट जवळपास सगळीकडे असते. म्हणून पहिल्या दिवसापासून प्रोटेक्टर. टीपीयू (पाणी अडवणारा पातळ थर) लावलेला टेरी कापडाचा घ्या. प्लास्टिकचा पीव्हीसीवाला कुरकुरतो आणि घाम अडवतो.

बिलावर अशी ओळ लिहून घ्या: '4 इंच एचआर 40 डेन्सिटी + 2 इंच नैसर्गिक लॅटेक्स 75, चेनची खोळ, तयार माप 77.5 × 71.5'. नुसतं 'एचआर गादी 6 इंच' लिहिलं तर नंतर भांडायला काही हातात नाही.

---

नौपाडा_फर्निचर

घरी आल्यावर टेम्पोवाल्याला थांबवून ठेवा. खोळीची चेन उघडा, कडेने पट्टी लावून थर मोजा. थर चिकटवलेले आहेत ना, चारही कोपऱ्यांत बघा. कोपरा सुटा असेल तर झोपताना वरचा थर सरकतो आणि वळ्या पडतात. बाथरूमच्या काट्यावर आधी स्वतः उभे रहा, मग गादी गुंडाळून धरून. फरक म्हणजे गादीचं वजन. एकट्याला जमत नसेल तर अर्धी-अर्धी करू नका, भाजीवाल्याकडचा अडकवायचा काटा मागून आणा.

नवी गादी एक दिवस प्लास्टिक काढून खिडकीजवळ उभी ठेवा, रसायनाचा वास जातो. गुंडाळून आलेली असेल तर पूर्ण फुगायला दोन-तीन दिवस लागतात, तोवर जाडी मोजू नका. बारा तासांत फुगली नाही म्हणून परत पाठवायची घाई करू नका. पण तीन दिवसांनंतरही एक कोपरा खाली असेल तर ती गोदामात दबून फार दिवस पडलेली होती. तो कोपरा वर येणार नाही, लगेच बदलून मागा.

पहिलं वर्ष दर तीन महिन्यांनी डोक्याकडची बाजू पायाकडे करा. उलटी करू नका, मऊ थर वरच राहिला पाहिजे. आणि सुताराला भोकं गादी येण्याआधी पाडायला सांगा, नंतर भुसा खोळीत जातो.

---

खारघरकर_78x72

सुतार रविवारी येतोय. पंपांवर 1000 एन लिहिलंय, दोन आहेत. 28 किलोची गादी चालेल?

---

नौपाडा_फर्निचर

तुमच्या मापाची 12 मिमी प्लाय साधारण 28 किलो, वरून खालची पट्ट्यांची चौकट. गादी आणि खोळ धरून सगळं 65-70 च्या घरात जाईल. चालेल की नाही हे नुसत्या आकड्यावरून सांगता येत नाही, पंप बिजागरीपासून किती लांब बसवलाय त्यावर आहे. रविवारी फळीवर मधोमध तांदळाच्या 10 किलोच्या तीन पिशव्या ठेवा, सरकू नयेत म्हणून दोरीने बांधा आणि फळी उघडून सोडा. वर थांबली तर पंप आहेत ते ठीक. हळूहळू खाली आली तर सुताराला पंपाचं बैठं टोक बिजागरीपासून एक-दीड इंच लांब सरकवून बघू दे. तेवढ्याने भागलं नाही तर 1200 ची जोडी. तपासताना हात पेटीच्या काठावर ठेवू नका.